परभणी जंक्शन ते प्राग, व्हाया सातबारा

युरोपात एकट्यानं रेल्वेनं फिरायचं म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, "सोबत कोण?" दुसरा येतो, "जेवणाचं काय?" तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही आणि खरा घोळ तिथंच असतो. तो म्हणजे पास काढायचा की सुटी तिकिटं?

त्याआधी व्हिसा. शेंगेन म्हणतात त्याला, या सगळ्या देशांना मिळून तो एकच. आपण मराठवाड्याची माणसं रेल्वेच्या बाबतीत सोशिक. बीडला गाडी यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. तरी व्हिसाच्या कागदांपुढं आपली सोशिकता कमी पडते. फी ९० युरो, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत नाही. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते पंधरा दिवस आधीपर्यंत अर्ज करता येतो. विमा किमान ३०,००० युरोचा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, गल्लीतला स्टुडिओवाला "पासपोर्ट साइज ना?" म्हणून नेहमीचा फोटो देतो, तो घ्यायचा नाही, माप सांगून काढून घ्यायचा.

अर्ज कोणत्या देशाकडं, यात भलेभले चुकतात. विमान प्रागला उतरणार म्हणून चेककडं अर्ज, असं नसतं. रात्री मोजायच्या. प्राग ३, व्हिएन्ना ३, बुडापेस्ट ४, साल्झबर्ग २, म्युनिक २. ऑस्ट्रियाच्या झाल्या ५, म्हणून अर्ज ऑस्ट्रियाकडं. रात्री सारख्याच भरल्या तरच जिथं आधी पाऊल ठेवणार तो देश.

मग बँक स्टेटमेंट. इथं शेतकऱ्याच्या पोराची खरी परीक्षा. खात्यात वर्षभर चार-पाच हजारांची ये-जा, आणि नोव्हेंबरात एकदम दोन लाख. परदेशी अधिकाऱ्याला वाटतं, मेहुण्याकडून उसने आणून दाखवलेत. त्याला बिचाऱ्याला सोयाबीन काय माहीत! अशा वेळी आडतीची पट्टी जोडायची आणि सोबत सातबारा, दोन्ही इंग्रजी भाषांतरासह. एका पानाच्या पत्रात लिहायचं, "ही रक्कम पीक विकून आलेली आहे." सातबाऱ्याचा दुहेरी फायदा असा, की माणूस गावाकडं परत येणार याचा त्याहून भक्कम पुरावा नाही. पाच एकर आणि भावकीचा वाद सोडून कोण राहतंय तिकडं?

आता पास. इंटररेल नावाचा पास युरोपात राहणाऱ्यांचा, आपल्यासाठी युरेल. ३३ देशांत चालतो म्हटल्यावर आपल्याला वाटतं, सगळे वसूल करू. एसटीचा चार दिवसांचा आवडेल तेथे प्रवास पास आठवून माणूस हुरळतो. थांबा. वरच्या फिरण्यात रेल्वेचे टप्पे चारच: प्राग ते व्हिएन्ना, तिथून बुडापेस्ट, मग साल्झबर्ग, मग म्युनिक. महिन्यातल्या चार प्रवासदिवसांच्या पासची मूळ किंमत प्रौढांना अडीचशे युरोच्या वर आहे, म्हणजे दर टप्पा साठच्या पुढं. हेच टप्पे दीड-दोन महिने आधी सुटे काढले तर सहसा निम्म्यात बसतात. प्राग-व्हिएन्ना चार तासांचा, व्हिएन्ना-बुडापेस्ट पावणेतीनच्या आतला. यांना पास लावणं म्हणजे मोंढ्यातून पावशेर मिरची आणायला टेम्पो करणं. शेवटच्या टप्प्याला बव्हेरियाचं, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे त्याचं, दिवसभराचं प्रादेशिक गाड्यांचं तिकीट साल्झबर्गपासूनही चालतं, फक्त कामाच्या दिवशी सकाळी ९ नंतर.

पास कधी काढावा? स्वित्झर्लंड असेल, टप्पे लांबलांबचे असतील, किंवा ऐन वेळी बेत बदलायची खोड असेल तर. पण फ्रान्सच्या टीजीव्ही नावाच्या वेगवान गाड्यांना, इटलीच्या वेगवान गाड्यांना, स्पेनच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना आणि लंडन-पॅरिस धावणाऱ्या युरोस्टारला पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे लागतात, शिवाय काही गाड्यांत पासवाल्यांच्या जागा मोजक्याच असतात. जर्मनी, ऑस्ट्रियात बहुतेक गाड्यांना आरक्षणाची सक्ती नाही. मोबाइलवरच्या पासात गाडीत चढण्याआधी तो प्रवास नोंदवावा लागतो. "बसल्यावर करतो" म्हटलं आणि तपासनीस आला, तर "साहेब, बघा ना जरा" हे वाक्य जर्मनमध्ये कसं म्हणतात ते मला ठाऊक नाही आणि त्यालाही ठाऊक नसतं.

सुट्या तिकिटांतही एक मेख आहे. स्वस्त तिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं आणि रद्द केलं तर पैसे गेल्यात जमा. व्हिसाआधी काढलं तर जुगार, व्हिसानंतर काढलं तर महाग. यावर माझा उपाय असा: अर्ज जमेल तितका लवकर टाकायचा, हॉस्टेलं फुकटात रद्द होणारी धरायची, रेल्वेचा फक्त तारीखवार तक्ता जोडायचा, आणि पासपोर्ट हातात आला की त्याच संध्याकाळी तिकिटं. पैसे भरताना ओटीपी भारतातल्या नंबरावर येतो, म्हणून ते सिम तिकडंही जिवंत ठेवायचं. मशीननं "रुपयांत भरता का?" असं लाडात विचारलं तर नाही म्हणायचं, त्या लाडाचे पैसे लागतात. आणि चेक, हंगेरीत युरो नाही. तिथं कोरुना आणि फोरिंट.

प्रत्यक्ष स्टेशनावर आपला पहिला शत्रू म्हणजे गावाचं नाव. व्हिएन्ना तिथं वीन, चेकमध्ये विडेन्य, आणि बुडापेस्टच्या फलाटावर बेच. इटलीतून म्युनिकला जाताना पाटीवर मोनाको दिसतं. घाबरून उतरायचं नाही, इटालियन लोक म्युनिकला तेच म्हणतात. काही गाड्या वाटेत दुभंगतात, पुढचे डबे एका गावाला, मागचे दुसऱ्या. म्हणून फलाटावर गाडीची नव्हे, डब्याची पाटी वाचायची.

दुसरा शत्रू दार. गाडी थांबते, दार बंदच. आपण ट्रॉली धरून उभे, मनात देवगिरी एक्सप्रेसची चेंगराचेंगरी, आणि इथं तर कुणी ढकलतही नाही! दारावर गोल बटण असतं, त्याभोवती हिरवा दिवा लागतो. तो लागला की दाबायचं. आधी दाबून काही होत नाही, आणि न दाबता उभं राहिलं तर दोन मिनिटांत गाडी आपल्याला फलाटावर ठेवून निघून जाते. हमाल नाही, जिने भरपूर, म्हणून सामान दहा किलोच्या आत.

गाड्या वेळेवर असतात या भरवशावर उतरल्यावर सात मिनिटांत सुटणारी जोडगाडी धरू नका. २०२४ मध्ये जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्या ६२.५ टक्केच वेळेवर होत्या. तिथं सहा मिनिटं उशीर झाला की गाडी उशिरात धरतात. आमच्याकडं सहा मिनिटं उशिरानं आलेल्या गाडीच्या इंजिनाला हार घालू आपण. अर्ध्या तासाची फट ठेवा.

खर्चाचं म्हणाल तर रविवारी जर्मनी-ऑस्ट्रियात बहुतेक दुकानं बंद, शनिवारीच पाव-चीज घेऊन ठेवायचं. स्टेशनावरच्या शौचालयाला बऱ्याच ठिकाणी एक युरो पडतो, गाडीतलं फुकट. तेव्हा उतरायच्या आधी आटपून घ्यायचं. जर्मनीत प्लास्टिकची बाटली मशीनमध्ये टाकली की २५ सेंट परत. चार बाटल्या म्हणजे वरचा एक युरो सुटला.

राहिला आईचा प्रश्न. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. पण दुधाचे पदार्थ युरोपीय संघात सामानातून नेता येत नाहीत, म्हणजे घरचं तूप बाद, कुंथलगिरीचे पेढे बाद. आपला केसर आंबाही बिनप्रमाणपत्राचा चालत नाही. प्रमाणपत्राशिवाय पाचच फळांना मुभा: केळी, नारळ, अननस, खजूर आणि फणसासारखं दिसणारं ड्युरियन. नारळ चालतो हे कळल्यावर आईचा जीव जरा भांड्यात पडतो, निदान शकुनाचा नारळ तरी बॅगेत राहील. पेढा मात्र परभणीच्या फलाटावरच खाऊन घ्यायचा, आणि उरलेला पुडा सोडायला आलेल्या मामाच्या हातात द्यायचा.