दोन ओएस टाकल्याने मदरबोर्ड जात नाही

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून सांगलीत जुना लॅपटॉप असलेला कोणी ना कोणी विचारतोच, विंडोज ठेवून शेजारी उबुंटू ही लिनक्सची ओएस (संगणक चालवणारी मूळ प्रणाली) टाकू का? त्यावर व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक मेसेज तयारच असतो: ‘दोन ओएस टाकल्या की रॅम निम्मी होते, घड्याळ चुकतं म्हणजे मदरबोर्ड गेला, आणि लिनक्स काढलं की विंडोजही जातं.’

रॅमचं आधी. चालू करताना मेन्यूत जी ओएस निवडाल तीच चालते. दुसरी डिस्कवर नुसती फाइलींच्या रूपात पडून असते. रॅम वाटली जाते ती व्हर्च्युअल मशीनमध्ये (एका ओएसच्या आत दुसरी चालवतात तेव्हा), कारण तिथे दोन्ही एकदम चालतात. वाटणी होते ती डिस्कच्या जागेची, आणि २५६ जीबीच्या एसएसडीत ती जाणवते.

घड्याळ खरंच चुकतं. पण किती, ते बघा: बरोबर साडेपाच तास. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक प्रमाणवेळ. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलात की दुपारी तीनला साडेनऊ वाजलेले दिसतात. मदरबोर्डचा सेल संपला असता तर तारीखच काही वर्षं मागे गेली असती. तेव्हा या दुखण्यावर सेल बदलून पैसे घालवू नका. मदरबोर्डवर स्थानिक वेळ आहे असं लिनक्सला एका कमांडने सांगता येतं.

तिसरा मुद्दा अर्धा खरा. जुन्या बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या प्रोग्रॅमच्या) मशीनवर लिनक्सचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा त्याचा भाग, थेट उडवलं तर काळ्या स्क्रीनवर ‘ग्रब रेस्क्यू’ (ओएस निवडायच्या मेन्यूची चूक) येतं आणि माणूस घाबरतो. विंडोज जागेवरच असतं. विंडोजच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवरून बूट (सुरू होणं) दुरुस्त होतं. यूईएफआयच्या (बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीच्या) मशीनवर बहुधा बूट मेन्यूत विंडोज निवडलं की काम होतं.

भ्यायचंच असेल तर मेसेजमध्ये नसलेल्या गोष्टींना भ्या. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बूटची सेटिंग बदलल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती आधीच वहीत उतरवून ठेवा. विंडोजचं फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न होता लवकर सुरू होण्याची सोय) बंद करा, नाहीतर लिनक्समधून त्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. आणि लिनक्सला जागा करायला विंडोजचं पार्टिशन लहान होत असताना वीज गेली तर डेटा खरोखर जाऊ शकतो. म्हणून बॅकअप आधी. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर वळवाच्या दिवसांत संध्याकाळी तर हे काम काढूच नका.