रानडुक्कर मारायची मोकळीक? त्या मेसेजमधलं एकेक वाक्य बघू

आठवडाभर झाला, आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. त्यात लिहिलंय की रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) मारायला सरकारनं मोकळीक दिली, जंगल सरकारचं म्हणजे जनतेचं त्यामुळे तिथं जाऊन मारलं तरी चालतं, सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांना तर शिकारीचा हक्कच आहे, मटण घरी नेता येतं, अमेरिकेतही सरकारी जंगलात लोक शिकार करतात. आणि शेवटी "शेतकऱ्याला कोणी हात लावू शकत नाही, पुढे पाठवा".

मी ब्रह्मपुरीकडचा, धानाचा शेतकरी. मागच्या रब्बीत एका रात्रीत डुकरांनी अर्धा एकर हरभरा नांगर फिरवल्यासारखा उलथा केला, सकाळी वावरात गेलो तर झाडं मुळासकट वर आणि मी नुसता धुऱ्यावर बसून राहिलो. त्यामुळे मला डुकराचा पुळका आहे असं कोणी म्हणू नका. पण हा मेसेज वाचून गावातली पोट्टे जेलात जातील म्हणून लिहितोय.

पहिलं, मोकळीक. तशी काही मोकळीक नाही, परवानगी आहे, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानडुक्कर आणि रोही आता दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित जनावरांच्या दुसऱ्या यादीत येतात आणि कलम 11 म्हणतं की जनावर पिकाचं नुकसान करत असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यानं अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेश देऊन मारायची परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्रात 2015 च्या जीआरनं हे काम आरएफओकडे, म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे आलं. म्हणजे आधी अर्ज, मग कागद, आणि तो कागद तुमच्या पिकाच्या नुकसानीसाठी. मेसेजवाल्यानं बहुतेक बिहारची बातमी इथं चिकटवली आहे. तिथं 2015 च्या शेवटी केंद्रानं कलम 62 खाली रोही आणि रानडुकराला उपद्रवी, म्हणजे मारायला परवानगी लागत नाही असं, जाहीर केलं होतं, नंतर उत्तराखंडात डुकराला, हिमाचलात माकडाला, तेही जंगलाबाहेरच्या भागात आणि ठरावीक मुदतीपुरतं. त्यात महाराष्ट्र नव्हता.

आता जंगल जनतेचं हा मुद्दा, कारण सगळ्यात जास्त लोकांना हाच पटतोय. पटायला कारणही आहे. आपल्या आजोबांच्या वेळी जंगलात शूटिंग ब्लॉक, म्हणजे शिकारीसाठी ठरवून दिलेले भाग असायचे, परमिट काढून साहेब लोक आणि मालगुजार शिकारीला यायचे, गावातली माणसं हाका करायला, म्हणजे जनावर हाकलून शिकाऱ्यापुढे आणायला जायची, त्या गोष्टी अजून घराघरात सांगतात. पण 1972 च्या कायद्यानं त्यावर बंधनं आणली आणि 1991 च्या दुरुस्तीनंतर तर हौसेच्या शिकारीचं लायसन्सच उरलं नाही. आणि मुळात हा कायदा जमीन कोणाची हे विचारतच नाही, तो जनावर बघतो, त्यामुळे स्वतःच्या वावरात, सातबारा तुमच्या नावावर असताना, विनापरवाना डुक्कर मारलं तरी गुन्हा आहे, मग जंगल जनतेचं आहे का सरकारचं हा वाद घालून काय मिळणार? राखीव जंगलात तर 1927 च्या वन कायद्याचं कलम 26 वेगळं लागतं, त्यात बंदूक चालवणं, फासे लावणं, पाण्यात विष टाकणं सगळं येतं. काही जण म्हणतात आम्ही जंगलात नाही, झुडपीत जाऊ. अरे पण सुप्रीम कोर्टानं 22 मे 2025 ला सांगून टाकलंय की पूर्व विदर्भातली झुडपी जंगलं ही वनच आहेत.

अजून एक, शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नाही. कायद्याच्या व्याख्येत फासा लावणं, हाका करणं, आमिष ठेवणं, आणि नुसता प्रयत्न करणं पण शिकारच आहे. रिकाम्या हातानं परत आलात तरी केस होऊ शकते. दुसऱ्या अनुसूचीतल्या जनावरासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि अभयारण्यात किंवा नॅशनल पार्कात असाल तर कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात.

वनहक्काचं बोलणं तर मला फार लागलं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागं लोकांनी किती वर्षं घालवली, आणि त्या हक्काच्या नावावर कोणी शिकारीची थाप मारतो. 2006 च्या वनहक्क कायद्यातलं कलम 3(1) वाचा, बाकीचे परंपरेनं चालत आलेले हक्क मान्य आहेत पण शिकारीचा आणि फासे लावायचा हक्क त्यातून स्पष्ट शब्दांत वगळलाय. उलट कलम 5 ग्रामसभेला वन्यजीव राखायचा अधिकार देतं. बांबू, मोहफूल, तेंदूपत्ता आपला आहे, जनावर नाही.

मटणाचं एका ओळीत सांगतो, परवानगी घेऊन मारलेलं डुक्कर पण कलम 39 प्रमाणे सरकारची मालमत्ता असतं, आणि विनापरवाना शिकारीला वापरलेली गाडी सरकारजमा होते. हप्ते चालू असलेली फटफटी गेली की मग समजतं.

अमेरिकेचं अर्धं खरं आहे. तिथं नॅशनल फॉरेस्टमध्ये शिकार चालते, पण राज्याचं लायसन्स, ठरलेला सीझन आणि किती मारायचे तो आकडाही ठरलेला. यलोस्टोनसारख्या पार्कात बंदीच आहे, आणि बंदूक-काडतुसांवरच्या करातून 1937 पासून वन्यजीवांसाठी पैसा जातो.

आता मेसेजमध्ये नसलेली गोष्ट. आपल्या पोरांकडं बंदूक कुठं आहे, ती क्लच वायरचे फासे लावतील नाहीतर लाईनवर आकडा टाकून तारेत करंट सोडतील. दोन वर्षांआधी माझ्या शेजाऱ्याचा बैल असा गेला. पहाटेची वेळ, धुऱ्यावरचं गवत दवानं ओलं, बांबूच्या खुंट्यांना गुडघाभर उंचीवर बारीक तार बांधलेली, अंधारात दिसलीच नाही. बैल एकदाच ओरडला. कासरा धरून चालणारा पोरगा तीन पावलं मागं होता म्हणून वाचला, आणि तार लावणारा आमच्याच गावातला होता, म्हणून सगळे गप्प राहिले. मीसुद्धा गप्प राहिलो, ते अजून सलतं. 2017 मध्ये नागभीड तालुक्यात श्रीनिवास नावाचा वाघ असाच करंटनं मेला. माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो, तिथं डुकरासाठी लावली होती हे कोणी ऐकत नाही.

राग मलापण आहे. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत डुकराच्या पायाचे ठसे बुजलेले असतात, जी भरपाई येते ती बियाण्याचीही नसते, परवानगीचा कागद हातात पडतो तोवर पीक खाऊन झालेलं असतं. त्यावर भांडू, झटका मशीनची (कुंपणाच्या तारेत जीव न घेणारा झटका देणारी) मागणी लावून धरू, मी स्वतः सगळ्यांचे अर्ज लिहून द्यायला तयार आहे. रविवारी सकाळी सातबारा, आधार कार्ड आणि नुकसानीचे फोटो घेऊन देवळाजवळ या, आतापर्यंत अकरा नावं आली आहेत.