सायकल बाहेर लावून आत यावे

आपल्या शहरात सायकल संस्कृती रुजवण्यासाठी एखादी आर्टिस्ट रेसिडेन्सी भरवावी, चार कलाकारांना महिनाभर ठेवून घ्यावे आणि शेवटी प्रदर्शन मांडावे असा आपला विचार असेल, तर सर्वप्रथम आपले मनःपूर्वक अभिनंदन. नागपूरकरांची ही गरज फार दिवसांपासून अपुरी राहिली होती. अशाच एका उपक्रमाच्या समारोपाला नुकताच हजर राहिल्यामुळे काही सूचना हक्काने कराव्याशा वाटतात.

प्रास्ताविकात गिरणी आलीच पाहिजे. 1 जानेवारी 1877 रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले गेले त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली आणि आज त्या जागेवर मॉल उभा आहे, एवढे सांगून क्षणभर थांबावे. भोंगा झाला की सायकलींचा लोंढा फाटकातून कसा बाहेर पडत असेल, याचे वर्णन आपण तो पाहिलेला नसला तरी खुशाल करावे. मात्र प्रत्यक्ष गिरणीत राबलेल्या एखाद्या म्हाताऱ्याला व्यासपीठावर बोलावू नये. तो गिरणी बंद पडल्यानंतरच्या देण्याघेण्याचा विषय काढतो आणि कार्यक्रम लांबतो.

परदेशी उदाहरण म्हणून जर्मनीतील रूरचे खोरे घ्यावे. एसेनची त्सोलफेराइन ही कोळसाखाण 1986 साली बंद झाली, 2001 साली जागतिक वारसा यादीत गेली आणि आता तिथे संग्रहालये आहेत, हे छायाचित्रांसह दाखवावे. त्या भागात कोळशाच्या जुन्या रेल्वेमार्गांवरचे रूळ उचलून सायकलींसाठी सलग रस्ते तयार करण्यात आले, म्युलहाइम ते एसेन हा जलद सायकलमार्गाचा पहिला टप्पा 2015 साली खुला झाला आणि डुइसबुर्ग ते हाम असा सुमारे 100 किलोमीटरचा तो मार्ग तिथेही रखडत रखडतच पुढे सरकतो आहे, हा तपशील गाळावा, कारण त्यावरून तिथे सायकलीसाठी जमीन, पैसा आणि भांडणे लागली असा चुकीचा ग्रह होतो. 18 जुलै 2010 रोजी त्याच प्रदेशातला महामार्ग सुमारे 60 किलोमीटरपर्यंत मोटारींना बंद करून त्याची एक बाजू सायकलींना मोकळी दिली होती. ते छायाचित्र पडद्यावर आले की झटकन पुढचे लावावे. श्रोत्यांतून कोणी 'आपण एक दिवस वर्धा रोड बंद करून पाहू या का' असे विचारले, तर पाहुण्यांची पंचाईत होते. त्यांना त्याच रस्त्याने विमानतळ गाठायचा असतो.

पत्रिकेवरच्या सायकलीला फुलांची टोपली असावी, दुधाच्या कॅन नसाव्यात.

शिल्पासाठी भंगारातल्या सायकली आणाव्यात आणि त्या उलट्या टांगाव्यात. मी पाहिलेल्या शिल्पात अशा बऱ्याच सायकली छताला लटकत होत्या. त्यातली एक हाताशी आली म्हणून सहज टायर दाबून पाहिले, तर मागच्या चाकात हवा होती. कॅरियरला जुन्या ट्यूबची पट्टीही घट्ट बांधलेली होती. कलेसाठी एवढा त्याग करावाच लागतो.

उन्हाळ्यात रॅली काढू नये. या शहराने 23 मे 2013 रोजी 47.9 अंश तापमान सोसले आहे आणि सावली देणारी झाडे कुठे गेली हे आपण सगळेच जाणतो.

सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की, कार्यक्रमाला सायकलने येणाऱ्यास फाटकावरच अडवावे. मी आपला भाबडेपणाने सायकलवर गेलो होतो. फाटकावरचा गार्ड अत्यंत सौजन्याने म्हणाला, "काका, सायकल आत नाही लावता येत. गाडी असती तं चाललं असतं." स्टँड कुठे आहे असे विचारल्यावर त्याने रस्त्यापलीकडच्या ट्रान्सफॉर्मरकडे बोट दाखवले. आत तळघरात मोटारींना रंगवलेल्या चौकटी होत्या, दुचाकींना वेगळी रांग होती, पाहुण्यांसाठी 'राखीव' अशी पाटी होती, आणि ज्या वाहनाच्या गौरवासाठी हा सगळा घाट घातला होता त्याला टेकायला भिंतसुद्धा नव्हती. त्या गार्डची स्वतःची सायकल मात्र आवारातच होती, जनरेटरच्या मागे, ताडपत्रीखाली, कोणाच्या नजरेस पडू नये अशी. तो शहराला लागून असलेल्या वाडी गावाहून रोज सायकलने येतो. महिनाभर त्याच फाटकातून ये-जा करून सायकल संस्कृतीचा शोध घेणाऱ्या एकाही कलाकाराने त्याला काही विचारले नव्हते. मी विचारले तेव्हा तो संकोचला. मी बाहेर येईपर्यंत माझ्या सायकलीची घंटी कोणीतरी काढून नेली होती.

बरे, हे त्या एका इमारतीचे म्हणावे, तर बँकेत जा, दवाखान्यात जा, मॉलमध्ये जा, सायकलवाल्याला पाहून शिटी वाजवणारा माणूस प्रत्येक फाटकावर उभा असतो. रस्त्यांबद्दल तर बोलूच नये. सिमेंटचा रस्ता संपतो आणि गट्टू सुरू होतात तिथे नेमकी सायकलीचे चाक अडकेल एवढी फट असते, मोटारी सायकलस्वाराला त्याच फटीकडे रेटतात, आणि तो पडला की 'कडेने चालवता येत नाही का' असे वर ऐकवतात. केंद्र सरकारची 'सायकल्स फॉर चेंज' ही स्पर्धा 2020 साली सुरू झाली, तिच्यातल्या 11 पुरस्कारप्राप्त शहरांत नागपूर होते. मेट्रोत सायकल नेता येते, हे खरोखर चांगले आहे आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण स्टेशनपर्यंत ती सायकल जिवंत पोचवायची कोणत्या रस्त्याने? रंगवलेल्या पट्ट्यावर गाड्या उभ्या असतात, हातगाड्या उभ्या असतात, आणि हटकले तर उत्तर येते की इथे सायकल चालवतंच कोण.

कोण चालवतं? हिंगण्याच्या एमआयडीसीत पाळी धरायला हँडलला डबा अडकवून अंधारात निघालेला माणूस चालवतो. पेपर टाकणारा पोरगा चालवतो, भाजीवाला चालवतो, महापालिकेच्या शाळेतली मुलगी मागे बहिणीला बसवून चालवते. त्यांना सायकल शिकवायला कोणी परदेशातून येण्याची गरज नाही. रविवारी मोटारीच्या टपावरून सायकल फुटाळा तलावापर्यंत आणणारा तेवढा तुम्हाला दिसतो, कारण तो तुमच्यासारखा दिसतो. रोजच्या रोज घाम गाळत पायडल मारणारा तुमच्या प्रदर्शनात बसत नाही, म्हणून तुम्ही त्याला फाटकाबाहेर उभे करता. लाज वाटली पाहिजे. एका मोटारीच्या जागेत दहा सायकली राहतात. तळघरातली 'राखीव' पाटी काढा, तिथे लोखंडी स्टँड ठोका, त्या गार्डची सायकल ताडपत्रीखालून काढून पहिली तिथे लावा, आणि मगच पुढच्या कलाकाराचे विमानाचे तिकीट काढा. एवढे जमत नसेल, तर पत्रिकेवर सायकल छापू नका; तुम्ही ज्या मोटारीतून येता तीच छापा.