ग्रँडमास्टर किताब रेटिंगबरोबर जात नाही

‘रेटिंग २५०० च्या खाली घसरलं की ग्रँडमास्टर किताब काढून घेतात’ असा बुद्धिबळाबद्दलचा मजकूर सध्या फिरतोय (रेटिंग म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा). तो चुकीचा आहे. फिडेचा, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचा, हा किताब तहहयात असतो. २५०० चा टप्पा एकदाच गाठावा लागतो, तोही चालू स्पर्धेत एखाद्या फेरीनंतर क्षणभर ओलांडला तरी चालतं. खरी दमछाक होते ती नॉर्म, म्हणजे किताबासाठी स्पर्धांत दाखवावी लागणारी ठरावीक दर्जाची कामगिरी, मिळवताना: सगळे नॉर्म मिळून किमान २७ डाव, आणि प्रत्येक नॉर्मला २६०० रेटिंगच्या तोडीचा खेळ! पुढे वयोमानाने रेटिंग २३०० वर आलं तरी खेळाडू ग्रँडमास्टरच. किताब जातो तो लबाडीमुळे. इगोर्स राउसिस २०१९ मध्ये स्पर्धेदरम्यान फोन वापरताना पकडला गेला आणि त्याचा किताब काढून घेतला गेला.