माळकऱ्याच्या रक्तातली कोळंबी

आमच्या घरात पंढरीची वारी चार पिढ्यांपासून चालत आली आहे आणि माझ्या गळ्यात वयाच्या बाराव्या वर्षापासून तुळशीची माळ आहे. मासळीबाजारावरून जाताना वडील धोतराचा सोगा नाकाला लावीत, मी हातरुमाल लावतो. आमच्या घराण्यात झालेली सुधारणा ती एवढीच. अशा माणसाच्या रक्ततपासणीत ‘कोळंबी : वर्ग 3’ असा शेरा निघावा, आणि तोही आषाढी एकादशीच्या आदल्या संध्याकाळी, हा योग माझ्या पत्रिकेत कोणत्या ग्रहाने मांडून ठेवला होता कोण जाणे.

मूळ दुखणे शिंकांचे होते. सकाळी डोळे उघडण्याआधीच मला शिंका सुरू होतात आणि त्या एकेक न येता पंधरा-वीसच्या घाण्याने येतात. कोणी शिंकले की बाहेर पडणाऱ्याने घटकाभर थांबावे, हा आईचा नेम असल्यामुळे माझ्यापायी घरातल्या सर्वांनाच रोज उशीर होत असे. मुलीचा कॉलेजातला पहिला तास तर माझ्या नाकाने कायमचा बुडवला. शेवटी तिनेच मला डॉक्टरांकडे नेले, त्यांनी ॲलर्जीची लांबलचक तपासणी लिहून दिली आणि तिचा निकाल मुलीच्याच फोनवर आला. तिने तो सर्वांसमक्ष, बातम्या वाचाव्यात तशा खणखणीत आवाजात वाचला. वर्ग जितका वरचा, तितकी रक्तातली ॲलर्जीची खूण ठळक. डस्ट माइट, म्हणजे धुळीतले बारीक जीव, वर्ग 4. झुरळ, वर्ग 2. कोळंबी, वर्ग 3.

“अहो,” सौभाग्यवती फार शांतपणे म्हणाली, “गेल्या महिन्यात तुम्ही ऑफिसच्या कामाला तीन दिवस रत्नागिरीला होतात ना?”

आईने जपाची माळ खाली ठेवली. “खाल्ली असशील तर असशील. पण उद्या एकादस आहे, पांडुरंगाला तरी खरं सांग.”

मी शपथा घेतल्या, पण रक्ताने दिलेल्या साक्षीपुढे तोंडच्या शपथेला कोण विचारतो? शेजारचे मालवणी काका तेवढे सहानुभूतीने आले आणि हळूच म्हणाले, “लाजताय कशाला? आमटी कशी होती ते सांगा.”

दुसऱ्या दिवशी उपासाच्या पोटी आम्ही डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. आई मुद्दाम साक्षीला आली होती. बाईंनी कागद पाहिला, माझी माळ पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, “गादी किती जुनी आहे?”

त्यानंतर त्यांनी जे सांगितले, ते मी आजही नातेवाइकांना तोंडपाठ म्हणून दाखवतो. गादीत, उशीत आणि पांघरुणात सुमारे पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर लांबीचे, आठ पायांचे माइट राहतात, आपल्या अंगावरून गळलेल्या कातडीच्या कोंड्यावर जगतात आणि पाणी न पिता हवेतला ओलावा शोषून घेतात, त्यामुळे आमच्या ठाण्यासारखी दमट हवा त्यांना माहेरासारखी मानवते. या माइटच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचे एक प्रथिन असते आणि कोळंबीच्या स्नायूंतले ट्रोपोमायोसिन त्याच्याशी सुमारे 80 टक्के जुळते. झुरळाचेही तसेच, कारण ही सगळी मंडळी संधिपाद, म्हणजे एकाच गोतातली. माइटविरुद्ध माझ्या शरीराने तयार केलेली आयजीई नावाची, ॲलर्जीला कारण होणारी प्रतिपिंडे अख्खा प्राणी कधी पाहतच नाहीत, लग्नकार्यात एखादी म्हातारी आत्या नुसत्या नाकावरून “तू सदूचाच ना रे?” म्हणून भलत्यालाच धरते, तशी ती प्रयोगशाळेतल्या कोळंबीला जाऊन बिलगली होती.

माझ्यासारखा मी एकटाच नव्हतो, हे ऐकून तर मला गहिवरून आले. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे पर आणि खवले नसलेले जलचर निषिद्ध असल्याने कोळंबीला आयुष्यात शिवलेले नाहीत, पण माइटची ॲलर्जी आहे, अशा सनातनी ज्यूंच्या रक्तातही कोळंबीच्या ट्रोपोमायोसिनला चिकटणारी प्रतिपिंडे सापडल्याचे संशोधन 2003 मध्ये प्रसिद्ध झाले आहे. त्यांच्या घरी त्या संध्याकाळी काय झाले असेल, याची कल्पना जगात फक्त मी करू शकतो.

“म्हणजे याला कोळंबीची ॲलर्जी आहे की नाही?” आईने मुद्द्याला हात घातला.

रक्तात प्रतिपिंडे असणे आणि खाल्ल्यावर त्रास होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे बाई म्हणाल्या. नुसत्या वर्गाच्या आकड्यावरून त्रास होईल की नाही हे ठरत नाही, आणि खात्रीच करायची झाली तर इस्पितळात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कोळंबी थोडी थोडी वाढवत खायला घालून पाहावे लागते. इस्पितळात कोळंबी खायला घालतात हे ऐकून आईने डोळे मिटून विठ्ठलाचे नाव घेतले. शिजवले तर ते प्रथिन मरत असेल ना, असे मी उगाच विचारले. ते उष्णतेलाही दाद देत नाही, हे उत्तर ऐकण्याऐवजी सौभाग्यवती माझ्याकडे रोखून पाहत राहिली, कारण शिजवण्याची चौकशी मी का करावी, हा तिचा प्रश्न होता.

मात्र घरी परतताना संशयाची सुई माझ्यावरून उठली आणि थेट सासुरवाडीवर जाऊन थांबली, कारण ती कापसाची गादी 1997 साली तिच्या माहेराहून आली होती. त्यावर आठवडाभर कोणीच काही बोलले नाही. गादी गेली, नव्या गादीला घट्ट विणीची खोळ चढली, चादरी दर रविवारी 60 अंशांच्या पाण्यात धुतल्या जाऊ लागल्या आणि शिंका पाच-सहावर आल्या. आई मात्र चटईवरच झोपते. आपण इतकी वर्षे कोळंबीच्या गोतावळ्यावर पाठ टेकत होतो, हे तिला अजून पचलेले नाही.

परवा दुसऱ्या एका तपासणीसाठी फॉर्म भरताना ॲलर्जीच्या रकान्यात मी प्रामाणिकपणे ‘कोळंबी, फक्त रक्तात’ असे लिहिले. खाली प्रश्न होता : हा पदार्थ शेवटचा केव्हा खाल्ला होता? सौभाग्यवती खांद्यावरून वाचत होती. मी लिहिले, ‘कधीच नाही, 26 वर्षे त्याच्या चुलतभावांवर झोपलो.’