मुलगा पोहोचेपर्यंत थांबावं का?

वसई असो, मुंबई असो की अहिल्यानगर, मुलं परदेशी असलेल्या ख्रिस्ती घरात मृत्यूनंतर तासाभरात हा वाद उभा राहतोच. माती उद्या द्यायची, की मुलगा येईपर्यंत थांबायचं? काही म्हणतात, शेवटचं तोंड पाहायला मिळालंच पाहिजे. काही म्हणतात, आत्मा देवाघरी गेला, आता देह कशाला ताटकळत ठेवायचा? हे थांबणं आपल्यासाठी असतं, त्यामुळे उत्तर आपण परदेशातल्यांनीच द्यायला हवं. ते शक्यतो आईवडील हयात असताना, भावंडांना स्पष्ट सांगून ठेवावं. माझं मत: आपल्यासाठी माती थांबवू नका.

लंडन ते मुंबई थेट विमान नऊ-साडेनऊ तासांचं, पण वेळ विमानात जात नाही. ब्रिटिश पासपोर्ट घेतला आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं) काढलंच नाही, तर व्हिसा लागतो, आणि शनिवार-रविवार मध्ये आला की सगळं अडतं. कधी स्वतःचं कार्ड असतं, मुलांचं नसतं. घरी पोहोचेपर्यंत दोन-तीन दिवस सहज जातात. भाड्याने आणलेली थंड पेटी एका रात्रीपुरती ठीक. वीज गेली की दमट हवेत काळजी सुरू होते. मग शवागार, तिथली ने-आण, आणि म्हाताऱ्या वडिलांना रोज नव्याने येणाऱ्या माणसांपुढे बसवून ठेवणं. ज्या दर्शनासाठी एवढं केलं, तो चेहराही तोवर बदललेला असू शकतो, आणि पुढे तोच डोळ्यांसमोर येत राहतो.

श्रद्धेच्या बाजूने पाहिलं तर थांबण्याची सक्ती कुठेच नाही. पुनरुत्थान देहाच्या अवस्थेवर अवलंबून नसतं, हे कॅथलिक ख्रिस्तसभेने 1963मध्ये दहनाला मुभा देताना मान्य केलंच आहे. दहनाने आत्म्याला काही होत नाही आणि देह पुन्हा उठवण्याच्या देवाच्या सामर्थ्याला बाधा येत नाही. मुलगा कबरीपाशी नव्हता म्हणूनही त्यात काही उणं राहत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय परदेशातल्या प्रत्येक मुलाने सावकाश वाचावा. मित्र लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू बेथानीला पोहोचला तेव्हा लाजरला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था त्याला तोंडावर सांगते की तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. शेवटच्या दिवशी भाऊ पुन्हा उठेल, हेही तीच मार्था त्याच भेटीत ठामपणे सांगते. तिच्या मनात तक्रार आणि विश्वास शेजारी शेजारी आहेत, आणि येशू तिला तक्रारीबद्दल दटावत नाही. पुढे कबरीकडे जाताना तो स्वतः रडतो, लाजरला काही वेळातच उठवणार असूनही.

म्हणूनच ‘ती आता सुखात आहे, रडायचं नाही’ हे वाक्य मला पटत नाही. प्रेषित पौल थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहितो ते इतकंच, की आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका. शोकच करू नका, असं तो म्हणत नाही.

ब्रिटनमध्ये उलटं घडतं. इथे मृत्यूनंतर दफन किंवा दहन व्हायला दोन-तीन आठवडे लागणं नेहमीचं आहे. मृत्यूचं कारण सांगणारा दाखला, इंग्लंड-वेल्समध्ये 2024पासून वैद्यकीय परीक्षकाची तपासणी, नोंदणी, मग स्मशानाची आणि फादरांची वेळ जुळणं. आपल्याकडच्यांना हे निर्दयी वाटतं. पण त्या आठवड्यांत इथल्या मराठी आणि गोवेकर कुटुंबांनी रोज संध्याकाळी एकेका घरी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, धरली, तर तोच काळ आधार देतो. रोझरी नसेल, तर त्या तीन आठवड्यांत शोक करणारा माणूस एकटा पडतो.

मग गावी माती द्यायची त्या तासाला परदेशातल्या मुलाने काय करावं? एकट्याने फोनकडे पाहत बसू नये. दोन-चार माणसं बोलावावीत, मेणबत्ती लावावी, इथल्या फादरांना मृताचं नाव देऊन मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मागावी. वसईतले दुपारचे चार म्हणजे लंडनमध्ये उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेदहा. गावाकडे प्रक्षेपणाचं काम घरच्या माणसाला देऊ नये. तो रडत असतो आणि फोन हलत असतो. शेजारच्या एखाद्या तरुणाने फोन लाऊडस्पीकरजवळ ठेवावा, सोबत पॉवर बँक घ्यावी. बहुतेकदा चर्चमधली मिस्सा नीट दिसते आणि कबरीपाशी बॅटरी किंवा नेटवर्क संपतं. मुठीने माती टाकण्याचा तोच क्षण दूरच्याला हवा असतो.

रजा कधी घ्यायची, हाही निर्णयच आहे. ब्रिटनमध्ये आईवडिलांच्या मृत्यूसाठी पगारी रजेचा कायदेशीर हक्क नाही. किती दिवस मिळतील ते मालक ठरवतो. दोनच आठवडे हाती असतील आणि दफन चुकणारच असेल, तर तिसाव्या दिवसाच्या मिस्सेला जावं, असं मी म्हणेन. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं असतं. महिन्याने मागे राहिलेला जोडीदार रात्री एकटा जेवत असतो. तेव्हा मुलाने कबरीवर जावं, वडिलांसोबत बसून कपाट आवरावं, बँकेचे आणि पेन्शनचे कागद पाहावेत.

कबरीच्या बाबतीत परदेशातले बरेच जण एक गोष्ट विसरतात. मुंबईच्या अनेक दफनभूमींत जागा अपुरी आहे, त्यामुळे साधारण दोन वर्षांनी कबर पुन्हा वापरली जाते आणि अस्थी काढून निशमध्ये (अस्थींसाठीच्या कोनाड्यात) किंवा अस्थींच्या सामाईक विहिरीत ठेवतात. चर्चच्या कार्यालयात मृताच्या नावापुढे परदेशातला जुना नंबर असेल, तर निरोप कोणापर्यंतच पोहोचत नाही. दफनाच्या आठवड्यातच गावातल्या एका नातेवाइकाचं नाव आणि फोन नोंदवून घ्यावा, निश हवी की नको ते लेखी कळवावं, आणि दर 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, त्याच माणसाकडून नोंद अजून बरोबर आहे ना, ते विचारून घ्यावं.