‘टाकाऊ होते म्हणूनच टाकले’? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

हरवून पुन्हा सापडलेल्या हॉलिवूडच्या मूकपटांवरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही, आणि तुम्ही ते आडपडदा न ठेवता लिहिलंत. तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे, तेव्हा उत्तरही ऐसपैस देतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सारांश: चांगलं असतं ते लोक जपतात, हे सिनेमे सुमार होते म्हणून गेले. आता कुठे डबा सापडला की त्याचा सोहळा होतो, वरून नवं संगीत चिकटवतात, आणि माझ्यासारखे लोक टाळ्या पिटतात. शिवाय आपले मूकपट कुजून गेले त्याचं काय?

पहिल्या मुद्द्यावर वाद घालतोच. अभिनयाचं पहिलंवहिलं ऑस्कर १९२९ साली एमिल यानिंग्ज या नटाला मिळालं, दोन चित्रपटांतल्या कामाबद्दल. त्यातला एक आज बघता येतो. दुसऱ्याचे, ‘द वे ऑफ ऑल फ्लेश’चे, काही तुकडेच उरलेत. त्याच्या पुढच्या वर्षी लेखनाचं ऑस्कर मिळवणारा, दिग्दर्शक लुबिचचा ‘द पेट्रिअट’ घ्या, त्याचीही पूर्ण प्रत नाही. थीडा बारा ही फॉक्स कंपनीची केवढी मोठी तारका! तिचा १९१७ चा ‘क्लिओपात्रा’ गर्दी खेचणारा होता. आज त्याची थोडीशी दृश्यं सोडली तर फोटोच बघायचे. यातलं सुमार कोणतं?

जपणं-टाकणं हा रसिकतेचा निवाडा नव्हताच. बोलपट आल्यावर मूकपटाला बाजारात भाव उरला नाही. फिल्ममध्ये चांदी असते, ती काढून घेण्यासाठी प्रती गेल्या. फिल्म नायट्रेटची, म्हणजे जात्याच ज्वालाग्राही; ती जळताना स्वतःच ऑक्सिजन तयार करते, त्यामुळे पाण्याखालीही विझत नाही. जुलै १९३७ मध्ये न्यू जर्सीतल्या लिटल फेरी गावी फॉक्सचं गोदाम पेटलं आणि कंपनीच्या मूकपटांचा बहुतांश साठा संपला. त्या आगीने चांगला सिनेमा आणि वाईट सिनेमा असा भेद केला नाही. युनिव्हर्सल या दुसऱ्या चित्रपट कंपनीने तर १९४८ मध्ये आपल्याकडचे उरलेसुरले मूकपट स्वतःच नष्ट केले. जागा अडते, धोका आहे, उत्पन्न शून्य. हिशेबनिसाच्या दृष्टीने निर्णय बरोबरच होता.

चित्रपट-इतिहासकार डेव्हिड पिअर्स यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी २०१३ मध्ये केलेली मोजदाद अशी: १९१२ ते १९२९ या काळातले अमेरिकी पूर्ण लांबीचे मूकपट जवळजवळ अकरा हजार. त्यातले मूळ स्वरूपात पूर्ण टिकलेले १४ टक्के. आणखी ११ टक्के पूर्ण आहेत, पण परदेशी आवृत्तीत किंवा कमी दर्जाच्या प्रतीत.

आणि टिकलं ते कुठे टिकलं, हे बघण्यासारखं आहे. कॅनडातलं डॉसन सिटी हे सोन्याच्या खाणींचं गाव वितरणाच्या साखळीचं शेवटचं टोक होतं. सिनेमे तिथे पोचेपर्यंत दोन-तीन वर्षं जुने झालेले असत, आणि परत मागवण्याचा खर्च कंपन्यांना नको असे. काही रिळं नदीत फेकली गेली. काही १९२९ मध्ये पोहण्याच्या तलावाचा खड्डा बुजवायला भराव म्हणून वापरली. तिथली जमीन कायम गोठलेली. १९७८ मध्ये नव्या इमारतीसाठी खोदकाम सुरू झालं आणि ५३३ रिळं वर आली. न्यूझीलंडचंही तसंच: जगाच्या टोकाला गेलेल्या प्रती नष्ट करण्याऐवजी कुणी ऑपरेटर, कुणी संग्राहक घरी ठेवून देई. २०१० मध्ये तिथल्या फिल्म आर्काइव्हमधून, म्हणजे जुने चित्रपट जपणाऱ्या संस्थेतून, ७५ अमेरिकी चित्रपट पुढे आले. (नायट्रेट म्हणजे कायद्याने धोकादायक माल, ते पोलादी पिंपांत भरून, थोडं थोडं करून पाठवावं लागतं.)

तेव्हा आपण ज्याला ‘मूकपटांचा इतिहास’ म्हणतो तो बराचसा परत पाठवण्याचं भाडं परवडलं नाही म्हणून उरलेल्या डब्यांवर लिहिलेला आहे. माझा मुद्दा एवढाच आहे. सापडलेला प्रत्येक सिनेमा थोर असतो असं मी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही.

न्यूझीलंडच्याच साठ्यातला जॉन फोर्डचा ‘अपस्ट्रीम’ (१९२७) बघा. नटांच्या खाणावळवजा घरातली हलकीफुलकी कथा. एका ढिसाळ नटाला केवळ घराण्याच्या नावावर लंडनमध्ये हॅम्लेटची भूमिका मिळते. थोर नाही. पण फोर्ड हा काउबॉयपटांसाठी गाजलेला दिग्दर्शक; फोर्ड म्हणजे घोडे, धूळ आणि क्षितिज, हे आपण कशावरून ठरवलं? त्याचे बहुतेक मूकपट गेलेले, उरलेल्यांवरून. इथे तो चार भिंतींत, रंगमंचाच्या पडद्यामागे रमलेला दिसतो, आणि त्या सुमारास फॉक्समध्येच काम करणाऱ्या मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाची सावली काही दृश्यांतल्या प्रकाशावर पडलेली मला तरी दिसते. उलट उदाहरणही देतो. ग्लोरिया स्वॉन्सन आणि रुडॉल्फ व्हॅलेंटिनो या तेव्हाच्या बड्या सिनेतारकांचा एकत्र असा एकच चित्रपट, ‘बियाँड द रॉक्स’ (१९२२). हॉलंडमधल्या एका संग्राहकाच्या गंजक्या डब्यांच्या ढिगाऱ्यात त्याची रिळं वेगवेगळी विखुरलेली निघाली आणि २००५ मध्ये तो पुन्हा पडद्यावर आला. गोष्ट अगदीच लेचीपेची आहे, इथे तुमच्याशी सहमत. पण त्या काळचे प्रेक्षक नक्की काय बघायला रांगा लावत होते, हे लेच्यापेच्या सिनेमातूनच जास्त कळतं.

नव्या संगीताबद्दल. मूकपटाला ‘खरं’ असं एकच संगीत बहुधा नव्हतंच. मोठ्या शहरात वाद्यवृंद, तालुक्याच्या गावी एक पियानो, आणि पियानोवाला त्या दिवशी ज्या मूडमध्ये असेल तसं. आज नवं संगीत करणारा काही मोडत नाही; वाईट केलं तर शिव्या जरूर घालाव्यात. खोटेपणा होतो तो न सांगता भर घातली तर. दिग्दर्शक किंग व्हिडॉरचा ‘बार्डेलिस द मॅग्निफिसंट’ फ्रान्समध्ये सापडला तेव्हा एक रीळ नव्हतंच. त्या जागी स्थिरचित्रं आणि ट्रेलरमधले तुकडे वापरले, आणि इथे मूळ नाही हे प्रेक्षकाला स्वच्छ दिसतं. मला ही पद्धत आवडते.

आता आपल्याकडचं. तुमचा राग रास्त आहे, फक्त तो चुकीच्या ठिकाणी काढलात. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले, उरले जेमतेम तीसेक, तेही बरेचसे अपुरे. २००३ मध्ये पुण्यात नायट्रेटचा साठा जळाला तेव्हा जे गेलं ते गेलंच. पण १९१९ चा कलकत्त्याचा ‘बिल्वमंगल’ कुठे मिळाला? पॅरिसच्या सिनेमाटेक या चित्रपट-संग्रहालयात. २०१६ मध्ये त्याची डिजिटल प्रत पुण्याच्या फिल्म अर्काइव्हला आली, हाही पूर्ण नाही. हॉलिवूडचा सिनेमा मिलान-प्रागमध्ये सापडतो आणि आपला पॅरिसमध्ये. दुसऱ्याचे डबे सांभाळणारी ही माणसं आहेत, म्हणून मी त्यांच्यावर लिहितो.

राहता राहिलं ‘हे बघतं कोण?’ व्हर्जिनियातल्या कल्पेपर गावी, अणुयुद्धानंतर लागेल म्हणून नोटा साठवायला बांधलेल्या एका बंकरात लायब्ररी ऑफ काँग्रेसचा फिल्मसाठा आहे. तिथे २०१२ पासून काही वर्षं एक कार्यशाळा भरत असे: नाव-गाव नसलेली रिळं पडद्यावर लावायची आणि प्रेक्षकांनी बोलायचं. चालू सिनेमात! कुणी मोटारीचं मॉडेल ओळखे, कुणी मागच्या दुकानाची पाटी वाचे, कुणी मिशीवरून नट सांगे, आणि कित्येकदा रिळाला नाव मिळे. अशा प्रेक्षागृहात तुमच्यासारखा भांडणारा माणूस हवाच असतो.

न्यूझीलंडच्या साठ्यातले बरेच लघुपट अमेरिकेच्या नॅशनल फिल्म प्रिझर्व्हेशन फाउंडेशनच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. दोन-तीन बघा आणि मग पुन्हा लिहा. कोणता सुमार वाटला, तेही नावानिशी.